वन्संची इंग्रजी दुसरी

कोणी मला विचारलं, बाई, तुमचं शिक्षण किती, तर मी सांगते, मराठी चौथी. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्याच्या पाठोपाठ हेही सांगते, की माझ्या हाताखालची पहिली विद्यार्थिनी सांगलीच्या शाळेत एकदम इंग्रजी दुसरीत, म्हणजे आताच्या सहावीत, बसली. तिची इंग्रजी पहिली कुठल्याच शाळेत झालेली नव्हती. ती झाली आमच्या शाळूच्या रानात, पाखरं राखायच्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर बसून, हातात गोफण धरून. हे सांगताना माझी मान थोडी ताठ होते. होऊ दे, आता या वयात कोण काय म्हणणार आहे!

माझं माहेर सांगलीचं. वडील हळदीच्या अडतीवर तोलाईचं काम करायचे. आमच्या भिंतीला भिंत लागून एका जैन व्यापाऱ्यांचं घर होतं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, माझी मैत्रीण. तिला इंग्रजी शिकवायला दुपारी घरी एक मास्तर यायचे. मी तिच्या आईला शेवया करू लागायला त्याच सोप्यात बसायची. हात शेवयांवर, कान मास्तरांकडं. एकदा मास्तरांनी तिला काहीतरी विचारलं, तिला येईना, आणि माझ्या तोंडून उत्तर निघून गेलं. मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, मी शिकवतोय एकीला आणि पाठ होतंय दुसरीलाच!" मैत्रीण मनानं मोठी. रागावली नाही. तिची पुस्तकं जुनी झाली की मला द्यायची. एक रीडर होतं, बिनपुठ्ठ्याचं. एक इंग्रजी-मराठी कोश होता, त्याची शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली. यू अक्षरापर्यंत सगळं ठीक, पुढं काही नाही.

पंधराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी कराडजवळच्या एका गावात आले. कृष्णेच्या काठाला उसाची जमीन, घरात सासू-सासरे आणि एक धाकटी नणंद. यजमान फौजेत. लग्नानंतर वर्षाच्या आत लढाईवर गेले ते अजून तिकडंच होते. ट्रंकेत खणांच्या खाली मी ते रीडर आणि तो कोश ठेवून आणला होता. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, पहिल्याच दिवाळीत तो सापडला. "ह्ये काय गं, पोथी हाय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "इंग्रजी आहे." तर त्या हात लावायच्याही बंद झाल्या. वाटलं असेल, बाटेल की काय.

आता एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं सून सासऱ्यापुढं बोलत नसे. पदर डोक्यावरून पुढं, नजर खाली आणि तोंड बंद. मामंजींशी मी पाच वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. राग नव्हता, रुसवा नव्हता, रीतच तशी. जेवायला बोलवायचं तर मी मोठ्यानं नणंदेला म्हणायची, "वन्सं, पानं वाढलीत म्हणून सांगा." वन्सं घरात नसल्या तर मांजराला सांगायची. मामंजीही तसेच. मला काही सांगायचं तर दाराकडं तोंड करून म्हणायचे, "बैलांस्नी पानी दावलं का न्हाई, कुनास ठावं." मग मी पाणी दाखवायची.

वन्संना मी अहो-जाहो करायची. त्या तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या. पण नणंद ती नणंद, मान तिचा. शिकवणाऱ्या बाईनं विद्यार्थिनीला अहो म्हणायचं, कान धरायचा नाही, चुकलं तर "असं नव्हे हो वन्सं" म्हणायचं! त्या लबाड. मुद्दाम चुकायच्या आणि म्हणायच्या, "वयनी, रागवा की वो येकदा. बगू तरी कसं रागावताय!"

गावातल्या मराठी शाळेत त्या मुलांबरोबर सहावीपर्यंत शिकल्या होत्या. हुशार. मास्तरसुद्धा म्हणायचे, हिला पुढं शिकवा. पण पुढं शिकायचं म्हणजे सांगलीला जायचं. माझी आई म्हणाली होती, माझ्याकडं राहू दे, एक भाकरी जास्त. तिकडून यजमानांचंही पत्र आलं, बहिणीला शिकू द्या. पण एक स्थळ चालून आलं होतं. रान चांगलं, घर भरलेलं. आत्याबाईंचं मन तिकडं. त्या म्हणाल्या, "इंग्रजी शिकून काय करायचंय? गोऱ्याच्या घरात द्यायचीय व्हय पोर?"

मामंजींनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी दाराकडं तोंड करून निकाल दिला. "सांगलीत येकदम इंग्रजी दुसरीत घ्येत आसतील तर जाऊ दे. पयलीत बसवत आसतील तर न्हाई. तेरा वर्साची पोर लहान पोरींत पयलीला बसवून मी कवा म्हातारा व्हायचा? येत्या जूनात काय ते हुईल. न्हाई झालं, तर दिवाळी उरकली की अक्षता."

म्हणजे एका वर्षात पहिलीचं सगळं इंग्रजी घरी करायचं, आणि शिकवायचं कोणी, तर मी.

लढाईमुळं रॉकेल तेव्हा मिळत नव्हतं, म्हणून जे काय करायचं ते उजेडी आणि कामाबरोबर. खुरपताना शब्द, भाकऱ्या थापताना स्पेलिंग. शब्द पाठ करणं काही अवघड नव्हतं. अडायचं ते क्रियापदांपाशी. कोशात बघावं तर 'सी' म्हणजे पाहणे, आणि पान उलटून 'लुक' बघावं, तर तेही पाहणे! साहेबाला एकाच गोष्टीला दोन शब्द कशाला लागतात? आणि 'वॉच' तर डब्ल्यूवरचा, तो उंदरांच्या पोटात. रीडरमध्ये एक वाक्य होतं, कुत्रा घर वॉच करतो. कुत्रा घराकडं नुसता बघत बसत नाही, एवढं मला कळत होतं.

उलगडलं ते माळ्यावर. शाळू हुरड्यात आला की पाखरं राखायला माळ्यावर बसावं लागतं. त्या दिवशी आम्ही दोघी बसलो होतो. ओढ्याच्या बाजूनं राघूंचा थवा आला. मी म्हटलं, "वन्सं, थवा दिसला?"

"दिसला की."

"मुद्दाम मान वळवून बघितलात काय?"

"न्हाई. समूरच आला, दिसला."

"आता त्या बांधाच्या बाभळीकडं बघा."

त्यांनी मान वळवली. "बगतीया. कोन न्हाई तितं."

"दिसत काही नाही, पण बघताय ना? आणि आता सांगा, सकाळपासनं आपण इथं काय करतोय?"

"राखण!"

एवढं बोलून आम्ही दोघी एकमेकींकडं बघतच राहिलो. आपोआप डोळ्यापुढं आलं ते दिसणं, ते 'सी'. मान वळवून डोळा लावला ते बघणं, ते 'लुक'. आणि आता काय होतंय, आता कोण येतंय म्हणून डोळा न काढता बसणं, ती राखण, ते 'वॉच'. अहो, आपल्याकडं तीन शब्द होतेच! कोश लिहिणारानं शाळू राखला नसावा, म्हणून त्याला एकच सुचला.

वन्संनी गोफण खाली टाकली आणि म्हणाल्या, "वयनी, मग आई तुमच्याकडं लुक करत न्हाई. ती तुमाला वॉच करती!"

मी माळ्यावरून पडायची राहिले, इतकी हसले. राघूंनी तेवढ्यात दोन ओळी साफ केल्या ते वेगळंच.

त्या दिवसापासून माझी भीती गेली. म्हटलं, इंग्रजी शब्द अडला की कोशात नंतर बघायचं, आधी रानात, स्वयंपाकघरात बघायचं. कानावर पडलं ते ऐकू येणं, ते 'हिअर'. कान देऊन ऐकलं ते 'लिसन'. पलीकडच्या आळीतलं भांडण आपल्याला ऐकू येतं, आणि मग पाटा धुवायचा सोडून आपण ते ऐकतो. झाले दोन. म्हणणं, सांगणं, बोलणं आणि गप्पा हाणणं, असे तिकडचे चार शब्द आम्ही घरातल्या माणसांत वाटून टाकले. मामंजी 'टेल' करतात, कारण ते सांगतात आणि आपण करायचं. आत्याबाई आणि शेजारीण 'टॉक'. शेजारणीचं तान्हं बोलायला लागलं की 'स्पीक'. वन्सं धडा म्हणतात ते 'से'. वन्सं म्हणाल्या, "आन तुमाला काय ठिवलं?" मी म्हटलं, "मला मांजर."

असं वर्ष गेलं. रीडर दोनदा संपलं. त्यातली गोष्ट वन्सं न बघता म्हणायच्या. मला वाटलं, झालं आपलं काम. जाणकार माणसाला कुठं दाखवलं नव्हतं ना काही, चुकलं तर सांगणार कोण?

जूनमध्ये मामंजी, वन्सं आणि मी सांगलीला निघालो. वन्संना सोबत म्हणून आणि माहेरी आईची भेट म्हणून मला घेतलं. मामंजींनी धुतलेला फेटा बांधला होता, नवी कोपरी घातली होती. गाडीत ते पुरुषांत बसले, आम्ही दोघी बायकांच्या डब्यात. वन्सं वाटभर ओठ हलवत होत्या.

शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे उंच, सोनेरी काड्यांचा चष्मा, आवाज शांत पण धार असलेला. मामंजी बाकावर बसले. मी भिंतीला, पदर पुढं ओढून. वन्सं टेबलापुढं उभ्या.

बाईंनी आधी वाचायला दिलं. वाचलं. शब्द विचारले, आले. मग त्यांनी विचारलं, "सी आणि लुक यांत फरक काय?" वन्संनी राघू, बाभळ सगळं सांगितलं. बाई पुढं झुकल्या. "आणि वॉच?"

"राखण, बाई. आमची आई वयनीकडं ठिवती तसं."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मामंजी खोकले. बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, जमलं!

मग बाईंनी इंग्रजीत सांगितलं, पाटी खुर्चीवर ठेव. वन्संनी ठेवली. बाईंनी विचारलं, काय केलंस? वन्सं ठणठणीत म्हणाल्या, "आय केप्ट द स्लेट ऑन द चेअर."

"नो," बाई म्हणाल्या.

दौत कपाटावर ठेवायला सांगितली. पुन्हा "आय केप्ट". खडू. पुन्हा "आय केप्ट". वन्संचा आवाज खाली खाली जायला लागला. काय चुकतंय ते त्यांना कळेना, आणि खरं सांगते, मलाही कळेना. कोशात 'पुट' म्हणजे ठेवणे होतं, 'कीप' म्हणजेही ठेवणे. मला 'कीप' भारदस्त वाटायचं, म्हणून वर्षभर मी सगळीकडं तेच घोकून घेतलं होतं. भाकरी ताटात कीप, घागर तिवईवर कीप, खुरपं कोनाड्यात कीप.

बाईंनी वही मिटली. "मुलगी चलाख आहे. पण हे चुकीचं शिकवलेलं आहे आणि ते अंगात मुरलंय. आणखी किती आहे कोणास ठाऊक. पहिलीत बसू दे. एका वर्षात सगळं नीट होईल."

मामंजी उठले. फेटा सारखा केला. "पयलीत न्हाई जमायचं, बाई. आमचं तसं ठरल्यालं हाय. चल गं पोरी."

वन्संनी माझ्याकडं बघितलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. वर्षभर जिनं माझं सगळं खरं मानलं, तिनं फक्त बघितलं. ती दाराकडं वळली आणि माझ्या डोळ्यापुढं दिवाळी आली, त्यानंतरचा मांडव आला. चूक माझी आणि आयुष्य तिचं जाणार.

मी बोलले. मामंजी तीन हातांवर उभे होते आणि मी बोलले. "बाई, ती चुकली नाही. चुकले मी. मी शिकवलं तिला."

मामंजी जिथल्या तिथं थांबले.

बाईंनी चष्मा वर केला. "तुम्ही कोण?"

"मी तिची वहिनी."

"तुमचं शिक्षण?"

"मराठी चौथी."

"मग इंग्रजी?" आणि मग त्यांनी इंग्रजीतच विचारलं, तुम्हाला कोणी शिकवलं?

आता गप्प बसले असते तर सगळंच बुडालं असतं. पदर घट्ट धरला. मी म्हटलं, "मॅडम, अ मास्टर टॉट माय फ्रेंड. आय लिसन्ड."

जन्मात दुसऱ्या माणसाशी बोललेली ती माझी पहिली दोन इंग्रजी वाक्यं. बाईंनी मिटलेली वही बाजूला सारली. मग मराठीत म्हणाल्या, "हर्ड का नाही म्हणालात?"

"हर्ड कसं म्हणू? शेवया करता करता कान देऊन ऐकलं मी. आपोआप नाही पडलं कानावर."

बाई हसल्या नाहीत, पण खुर्चीवर मागं टेकल्या. मला धीर आला. मी म्हटलं, "आमच्या बोलीत 'पुट' आणि 'कीप' दोन्हीला ठेवणंच म्हणतात. फरक काय ते मला सापडलं तर तिला घटकाभरात समजेल. पुन्हा एकदा विचारा तिला. एवढी एकच विनंती."

"मला एका वर्गावर जायचंय," बाई उठत म्हणाल्या. "फरक मी सांगणार नाही. तुमचा तुम्ही शोधा. मी येईपर्यंत व्हरांड्यात बसा."

आम्ही व्हरांड्यात आलो. मामंजी एका बाकावर, आम्ही दोघी दुसऱ्या. मामंजींच्या तोंडाकडं बघायची माझी छाती नव्हती. मी रीडर उघडलं, 'कीप' कुठं कुठं आहे ते बघायला लागले. ती मुलगी बाहुली पेटीत ठेवते. तो माणूस गाई ठेवतो. मी वचन ठेवतो. ही आली तीन. 'पुट' कुठं? हात टेबलावर ठेव. टोपी ठेव. डोक्यात नुसता गोंधळ. वन्सं हळूच म्हणाल्या, "वयनी, जाऊ द्या. तुमी लय केलंसा." ते ऐकून मला जास्तच लागलं.

तेवढ्यात मामंजींनी कोपरीच्या खिशातनं पानाची चंची काढली. पान लावलं, चंची बाकावर राहू दिली, पान तोंडात टाकलं आणि चंची परत खिशात घातली. मी बघत होते. बघताना काहीतरी हललं मनात. आणि एकदा बोललेच होते, आता दुसऱ्यांदा काय बुडणार होतं?

"मामंजी," मी म्हटलं, "चंची कुठं ठेवता?"

ते दचकले. समोरच्या खांबाकडं तोंड करून म्हणाले, "कोपरीच्या खिशात. जलमभर तितंच ठिवतोय."

"आणि आत्ता बाकावर ठेवलीत ती?"

"बाकावर कवा ठिवली? ती ठिवली न्हवं. टेकवली. पान लावूस्तवर."

"टेकवली!" मी जवळजवळ ओरडलेच. शाळेचा शिपाई वळून बघायला लागला.

अहो, पुन्हा आपल्याकडं शब्द होताच! हातानं एकदा करून मोकळं व्हायचं ते टेकवणं, घालणं, मांडणं, ते 'पुट'. आणि वस्तूला जागा देऊन तिथं राहू द्यायचं, सांभाळायचं, ते ठेवणं, ते 'कीप'. मला एकदम हरिपूरची हळदीची पेवं आठवली. वडिलांबरोबर लहानपणी बघितलेली, जमिनीत खोल खणलेली. हळद पेवात ओततात ती एका दिवसात, आणि ठेवतात दोन-दोन वर्षं. गाई ठेवायच्या, वचन ठेवायचं, टेकवून कसं चालेल?

वन्संना एवढं पुरे होतं. "वयनी, भाकरी ताटात?"

"तुम्हीच सांगा."

"पुट! लगी खायाचीच हाय. आन लोनच्याची बरनी फळीवर?"

"सांगा."

"कीप. वरीसभर."

आणि मग मामंजी. खांबाकडंच बघत, पण म्हणाले, "कोयता बांदावर?"

"पुट, आबा!"

"पडवीत खुटीला?"

"कीप!"

"बरं. फेटा आत्ता काढून हितं?"

"पुट."

"आन लगनातला, पेटीतला?"

"कीप वो आबा, त्यो तर आईच हलवू देत न्हाई!"

मामंजी हसायला लागले. पंधरा मिनिटं बाप विचारतोय आणि लेक सांगतीय. विळा, वैरण, जू, बी-बियाणं, सगळं रान त्यांनी टेकवून आणि ठेवून बघितलं. एकदा ते चुकले आणि वन्संनी त्यांना अडवलं, तर म्हणाले, "व्हय की गं, चुकलंच." माझ्या लग्नानंतर त्या माणसाच्या तोंडून 'चुकलं' मी पहिल्यांदा ऐकलं.

बाई आल्या. परत टेबल, परत पाटी, दौत, खडू. "आय पुट", "आय पुट", "आय पुट". बाहुली पेटीत? "शी कीप्स." बाईंनी मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या छत्रीकडं बोट केलं आणि म्हणाल्या, हिच्याबद्दल वाक्य कर.

वन्संनी छत्री न्याहाळली. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "बाई, छत्री रोज तितंच आसती, का आजच टेकवलीया?"

आता मात्र बाई मोठ्यानं हसल्या. "रोज तिथंच असते."

"मग, यू कीप युवर अंब्रेला इन द कॉर्नर."

बाईंनी मिटलेली वही उघडली. "सहामाहीपर्यंत दुसरीत घेते. सहामाहीत मागं पडली तर पहिलीत पाठवीन, मग तक्रार चालायची नाही." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "विचारायचं कसं ते हिला येतं. हे वर्गात बसून येत नाही."

ते वाक्य मी पोटात ठेवलंय. ठेवलंय म्हणते बरं का, टेकवलेलं नाही.

फॉर्म भरायची वेळ आली. मामंजींना मोडीत सही येत होती, ती त्यांनी बाप म्हणून सावकाश केली. खाली एक रकाना होता, शाळेनं कागद पाठवायचा तो कोणाच्या नावानं. बाई मामंजींचं नाव लिहायला लागल्या, तर त्यांनी हात आडवा केला. "माज्या नावानं धाडून काय उपेग? मला कुटं वाचाय येतंय? सूनबायच्या नावानं धाडा. पोरीचं इंग्रजी तिच्याकडं हाय." आणि मग थेट माझ्याकडं बघून, खांब नाही, दार नाही, म्हणाले, "कर गं सही."

मी केली. मराठीत केली, पुरं नाव, सावकाश. एकही अक्षर ओळीच्या खाली जाऊ दिलं नाही.

वन्संना आईच्या हवाली करून दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. गर्दी नव्हती. मामंजी म्हणाले, एकटी कशाला तिकडं बसतीस, आणि मला आपल्याच डब्यात घेतलं. मी खिडकीशी, ते दोन माणसं सोडून. शेजारच्या गृहस्थांनी सहज विचारलं, पावणं, कुठं गेलता? झालं.

भिलवडीपर्यंत मामंजींच्या गोष्टीत मी बाईंशी दोन इंग्रजी वाक्यं बोलले होते, म्हणजे जेवढी खरी होती तेवढीच. ताकारीला नवीन माणसं चढली, त्यांना सांगताना ती अर्ध्या तासाची झाली. शेणोलीला तर मोठ्या बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या आणि "आवं, मला कागुद कळला न्हाई त्यो सूनबायनं बाईला समजावला" इथपर्यंत गोष्ट गेली होती. मी पदरात तोंड लपवून हसत होते. दुरुस्त करावं असं एकदाही मनात आलं नाही.

समोर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं खवचटपणे विचारलं, "मग आता सुनंला बी साळंत घालनार व्हय?"

"तिला कशाला?" मामंजी म्हणाले. "आता लोकांनी आपल्या पोरी तिच्याकडं घालाव्या."

ते बोलणं गावात आमच्या आधी पोचलं की काय कोण जाणे. आठवडा झाला नसेल, मी चुलीपुढं होते, तर आत्याबाईंचा आवाज आला, "आगं, ह्या कोन आल्यात बग. तुज्याकडं आल्यात म्हनं." मी हात पुसत बाहेर आले. तीन मुली पाट्या घेऊन उंबऱ्यापाशी उभ्या होत्या, आणि आत्याबाई त्यांच्यासाठी सोप्यात घोंगडं अंथरत होत्या.